वैनगंगेकाठचा जपानी पैसा

मुलांनो, भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या एसटीत कधी बसला आहात का? पहेला जातं, अड्याळ जातं. दोन्ही बाजूंना धानाचे बांध, मधूनच एखादी बोडी, बोडीत उभा असलेला बगळा. आमची शाळा या रस्त्यापासून थोडी आत आहे. चार खोल्या, एक कडुनिंब आणि एक हातपंप. मी तिथं चौथीला शिकवते. आमच्या शाळेत एक जपानी पैसा कसा आला, आणि मी त्याचं काय करून ठेवलं, ते आज सांगते. शेवटपर्यंत वाचा आणि मग माझ्यावर हसा.

मागच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी वर्गाला म्हटलं, "घरातली सगळ्यात जुनी वस्तू घेऊन या." दुसऱ्या दिवशी वर्गाचा बाजार झाला! कुणी लाकडी पायली आणली, कुणी अडकित्ता. एकानं पितळेचा गुंड आणला. तो त्याला उचलेना, म्हणून वडिलांना सायकलवर घेऊन आला. सगळ्यांत शेवटी एक मुलगी उठली. (तिचं नाव लिहीत नाही, तिनंच नको म्हटलंय.) तिनं रुमालाची गाठ सोडली आणि टेबलावर एक पैसा ठेवला.

"बाई, हा माझ्या आजीच्या सासऱ्याचा आहे जी. पलटनीतून आनला होता."

पैसा आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढा, किंचित मोठा. वजनही जवळपास तेवढंच. पण रंग? जुन्या गुळाच्या ढेपेसारखा, काळपट तपकिरी. एका बाजूला वेटोळं घातलेला एक प्राणी: खवले, नख्या, मिशा. दुसऱ्या बाजूला पानांची माळ आणि आत चित्रासारखी अक्षरं. "साप आहे", "मगर आहे", असा गलका झाला. मी म्हटलं, "चिनी दिसतो." खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. वर्गात असं म्हणायला थोडं धैर्य लागतं, ते त्या दिवशी मला झालं नाही.

"मी घरी नेऊन नीट बघते, उद्या देते," असं सांगून मी पैसा पर्समध्ये टाकला. रात्री भिंग घेऊन बसले, पण मळामुळे अक्षरं उठेनात. मग मी काय केलं असेल? आपल्या भंडाऱ्याच्या कुठल्याही बाईनं केलं असतं, तेच. चिंच घेतली, मीठ घेतलं, चिमूटभर राख घेतली आणि घासघास घासला. पाच मिनिटांत पैसा नव्या तांब्याच्या लोट्यासारखा लालभडक! खवला न् खवला दिसायला लागला. मी खूश. सकाळी मोठ्या ऐटीत तो तिच्या हातावर ठेवला.

तिनं तो उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाली, "बाई, हा माझा नाई."

"अगं, तुझाच आहे. स्वच्छ केला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलांनो, शिक्षिका झाल्यापासून मी बरीच रडणारी मुलं बघितली आहेत. पण त्या रडण्याचं कारण मी आहे, हे फार क्वचित घडलं असेल. बाजाराच्या दिवशी तिची आजी शाळेत आली. रागावली नाही. पैसा तळहातावर घेऊन एवढंच म्हणाली, "आमचा बुढा रोज संध्याकारी हा पैसा खिशातून काढून बोटानं चोरत बसे. त्याचा हात लागला होता याले. मी कधी पुसला नाई."

मी काय बोलणार!

त्या रविवारी मी भंडाऱ्याला गेले. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, हे तुम्ही भूगोलात वाचलं असेल. गावाचं नावच 'भाणं' म्हणजे पितळेचं भांडं, त्यावरून पडलं, असं जुनी माणसं सांगतात. लग्नात मुलीला गुंड, गंज, हंडे द्यायचे, ते इथलेच. आता स्टीलनं आणि प्लॅस्टिकनं हे काम खूप कमी केलं आहे; तरी काही गल्ल्यांत अजून ठोक्यांचा आवाज येतो. अशाच एका कारखान्यात मी गेले. पैसा दाखवला आणि विचारलं, "याचा आधीचा रंग परत येईल का?"

कारागीर म्हातारे होते. त्यांनी पैसा बोटांत फिरवला, जमिनीवर टाकून आवाज ऐकला. म्हणाले, "पितर नाई हे. तांबंच आहे, थोडं कथील असंल. गंधकाचं पानी लावलं तर अर्ध्या तासात कारा करून देतो. पन बाई, तो रंग मंग माझा. या पैशाचा नाई."

त्यांनी मला जे समजावलं, ते तुम्हांलाही सांगते, कारण हे पुस्तकात चटकन सापडत नाही. तांबं आणि जस्त मिळून पितळ होतं. तांबं आणि कथील मिळून कांसं होतं. आजीची पाय चोळायची काशाची वाटी असते ना, ते. तांब्यावर किंवा काशावर हवेनं वर्षानुवर्षं जो तपकिरी थर चढतो, तो मळ नव्हे. तो धातूचाच थर असतो आणि आतल्या धातूला जपतो. चिंचेतलं आम्ल हा थर विरघळवतं. भांडं रोज वापरायचं, त्यात खायचं-प्यायचं, म्हणून त्याला चिंच हवीच. नाही तर पदार्थ कळकतो. नाण्याचं तसं नाही. दर वेळी घासलं की नक्षीही थोडी झिजते, आणि जमवणाऱ्यांच्या लेखी त्याची किंमत उतरते. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडावर ठेवायचं, बस्स. अक्षरं बघायची असतील तर नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवायची. सगळी नक्षी कागदावर उतरते आणि नाण्याला ओरखडाही येत नाही. हे मला आधी सुचलं असतं तर!

कारखान्याच्या कोपऱ्यात मोडीचा ढीग होता. फुटके तांबे, चेपलेल्या घागरी, पिकदाण्या. त्यांतच मूठभर जुने पैसे पडलेले. त्यांत तीन भोकाचे पैसे होते. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना आठवत असेल. मध्ये मोठं गोल भोक, त्यामुळे पैसा नुसत्या कड्यासारखा दिसे. हे पैसे १९४३ ते १९४७ या काळात निघाले. दुसरं महायुद्ध चालू होतं, तांबं बंदुकीच्या गोळ्यांना लागत होतं, म्हणून सरकारनं पैशाच्या पोटातलं तांबं काढून घेतलं! लोकांनी मात्र त्या भोकाचा उपयोग शोधला. आया तो पैसा बाळाच्या करदोड्यात ओवत.

"हे पण वितळवणार?" मी विचारलं.

"मोड वजनानं येते बाई, वजनानंच मुशीत जाते. कोन वेचत बसते?"

मी ते तीन पैसे वजनानं विकत घेतले. चहाच्या पैशांत आले.

आता त्या जपानी पैशाकडे वळू. घरी परतल्यावर मी आठ-दहा दिवस वाचत होते, नाण्यांची माहिती देणारी पुस्तकं आणि चित्रं धुंडाळत होते. हळूहळू उलगडा झाला. तो प्राणी साप नव्हे, मगर नव्हे, ड्रॅगन. पैसा जपानचा, 'एक सेन'. आपल्याकडे पूर्वी एका रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. जपाननं १८७१ साली नवं चलन आणलं, तेव्हा हिशेब सोपा ठेवला: एका येनचे शंभर सेन, एका सेनचे दहा रिन. (आपण असा दशमान हिशेब १९५७ साली, नव्या पैशाच्या वेळी सुरू केला.) त्याच १८७१ साली ओसाकाला नवी टांकसाळ उघडली. तिथली यंत्रं कुठून आणली असतील? हाँगकाँगची टांकसाळ बंद पडली होती, तिथून! दोन सेन, एक सेन, अर्धा सेन आणि एक रिन अशी तांब्याची नाणी १८७३ सालापासून निघाली. त्यांतल्या रिनवर ड्रॅगन नाही, बाकी तिन्हींवर आहे. एक सेनच्या मागं काय लिहिलं आहे, ते कळल्यावर मला फार गंमत वाटली. 'शंभर दिले की एक येन', असं त्यावर चक्क लिहिलंय. नाणं नवं, हिशेब नवा, लोक गोंधळतील, म्हणून नाण्यानंच गणित शिकवायचं. अगदी आमच्या चौथीच्या वर्गासारखं!

त्याआधीची जपानी नाणी आणखी निराळी होती. १६३६ साली सुरू झालेलं 'कान्एइ त्सूहो' हे नाणं ओतीव, गोल, मध्ये चौकोनी भोक आणि भोकाच्या चार बाजूंना चार अक्षरं. भोक चौकोनीच का? ओतून काढलेल्या नाण्यांच्या कडा कानशीनं घासाव्या लागत. चौकोनी दांड्यावर बरीच नाणी ओवली की ती घासताना गरगर फिरत नाहीत. बाजारात जाताना मात्र दोरीत ओवून न्यायची.

साल कसं वाचायचं? हे जमलं की जपानी नाणं तुम्हांला कधी फसवणार नाही. जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीवरून वर्षं मोजतात. मेइजी सम्राटाच्या कालगणनेचं पहिलं वर्ष १८६८, ताइशोचं १९१२, शोवाचं १९२६. म्हणून नाण्यावर मेइजी असेल तर आकड्यात १८६७ मिळवा, ताइशो असेल तर १९११, शोवा असेल तर १९२५. आपण शालिवाहन शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो ना, तसंच. आकडेही अवघड नाहीत. एक आडवी रेघ म्हणजे एक, दोन रेघा म्हणजे दोन, तीन रेघा म्हणजे तीन. आणि आपलं बेरजेचं चिन्ह म्हणजे दहा. पुढचे थोडे पाठ करावे लागतात. एक मात्र सांभाळा: ताइशोच्या काळातल्या नाण्यांवर अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात.

मी फळ्यावर हे सगळं लिहिलं आणि ज्या मुलीचा पैसा, तिलाच पुढं बोलावलं. तिनं पेन्सिलनं काढलेला ठसा बघितला. मेइजीची दोन अक्षरं, मग बेरजेचं एकच चिन्ह. तिनं बोटांवर मोजलं. "अठराशे सत्त्याहत्तर!"

वर्ग टाळ्या वाजवत होता. तिनं माझ्याकडे बघितलं. पण हसली नाही अजून.

हा पैसा आपल्या जिल्ह्यात आला कसा? १९४५ साली जपाननं शरणागती पत्करली. पुढच्या वर्षी राष्ट्रकुलाचं सैन्य जपानात गेलं. त्यात हिंदी सैन्याची एक ब्रिगेड होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटणही होती. १९४७ साली आपले जवान परत आले. मुलीचे पणजोबा पलटणीत होते, पण लढायला नव्हे, लंगरात, म्हणजे स्वयंपाकाला. हा पैसा त्यांना कुणी दिला, का त्यांनी बाजारात घेतला, ते त्यांच्याबरोबरच गेलं. पण तो वाचला, हेच नवल. युद्धात जपानलाही धातू पुरेना. १९३८ साली काशाचा सेन बंद झाला. मग पितळेचा, मग ॲल्युमिनियमचा, शेवटी कथलाचा. १९४५ साली तर भाजलेल्या मातीची नाणी करून बघितली! देवळांच्या घंटा उतरवून वितळवल्या. हाचिको कुत्र्याची गोष्ट तुम्हांला माहीत असेल. मेलेल्या मालकाची वाट बघत वर्षानुवर्षं स्टेशनवर येत राहिलेला तो. त्याचा काशाचा पुतळाही युद्धात मुशीत गेला. आज तोक्योला दिसतो तो १९४८ साली नव्यानं केलेला.

जानेवारीत आमची सहल पवनीला निघाली. चाळीस पोरं, दोन शिक्षक, डब्यात पुरी-भाजी. मुलीनं आजीला विचारून पैसा बरोबर घेतला होता. आजीनं तो करदोड्याच्या काळ्या दोऱ्यानं फडक्यात बांधून दिला होता. माझ्याकडे द्यायचा नाही, असं बजावून.

पवनी वैनगंगेच्या काठावर आहे. गावाला मातीची जुनी तटबंदी आणि खंदक आहे. गाव पाहून विश्वास बसत नाही, पण दोन हजार वर्षांपूर्वी हे मोठं नगर होतं. इथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठानं आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं खोदकाम केलं, तेव्हा टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप निघाला. सातवाहन राजांची नाणीही मिळाली. सातवाहनांची नाणी कशी असतात? एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूला बेरजेचं चिन्ह आणि त्याच्या चार टोकांना चार गोळे. (मुलं लगेच ओरडली, "दहा! दहा!" मी म्हटलं, "थांबा रे, इथं ते चालत नाही!") अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला, हे गाव आता वाशीम जिल्ह्यात येतं, १९३९ साली अशी हजाराहून जास्त नाणी एकाच ठेव्यात मिळाली. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, जुनी नाणी बघायला मिळतात. जमलं तर आईबाबांबरोबर जा.

तटबंदीवर चढताना एक मुलगा सारखा खाली वाकून माती उकरत होता. "सापडलं तर माझं ना?" नाही रे बाबा! १८७८ सालचा एक कायदा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर ते कलेक्टरांना कळवावं लागतं. त्याचा चेहरा पडला. पण त्यानं उकरणं काही थांबवलं नाही.

पवनीजवळ रुयाड नावाचं गाव आहे. तिथं जपानी लोकांच्या मदतीनं बांधलेला महासमाधी भूमीचा मोठा स्तूप आहे. २००७ साली तो खुला झाला. धानाच्या शेतांमध्ये एवढी भव्य इमारत अचानक समोर येते तेव्हा मुलं गप्पच होतात. जपानहून भिक्खू आणि यात्रेकरू इथं येत असतात. आमचं नशीब असं, की त्या दिवशीही काही जण आलेले होते. त्यांच्याबरोबर एक हिंदी बोलणारे गृहस्थ होते. मी धीर करून त्यांना पैशाबद्दल सांगितलं.

एक वयस्कर जपानी पाहुणे पुढं आले. मुलीनं फडकं सोडलं. त्यांनी पैसा दोन्ही हातांत घेतला, आपण प्रसाद घेतो तसा. जरा लांब धरून वाचलं, "मेइजी, जू-नेन." मेइजी, दहावं वर्ष. म्हणजे आमचं गणित बरोबर होतं! मग त्यांनी विचारलं, हा इथं कसा?

मुलगी म्हणाली, "माझे पनजोबा तुमच्या देशात सैपाक करत होते."

हिंदीतून जपानीत हे पोचायला थोडा वेळ लागला. पोचलं तेव्हा ते मोठ्यानं हसले आणि तिच्यापुढं कमरेत वाकले. ती गोंधळली. मग तीही वाकली. चाळीस पोरं एकदम वाकली!

त्यांनी खिशातून आपली नाणी काढून दाखवली. दहा येनचं नाणं आजही काशाचं असतं. त्यावर क्योतोजवळचं एक जुनं देऊळ आहे, ब्योदोइन. १०५३ सालची इमारत. आणि दुसरं पाच येनचं, पिवळंधमक, मध्ये गोल भोक. एका पोरानं ते हातात घेतलं आणि ओरडलाच, "बाई, पितर! आनि हे तर धान आहे आपलं!"

खरंच की. पाच येनवर वाकलेली धानाची लोंबी आहे. भोकाभोवती यंत्राचं दातेरी चाक आणि खाली पाण्याच्या रेघा. शेती, कारखाने आणि मासेमारी, असा त्याचा अर्थ. धानाच्या जिल्ह्यातल्या मुलाला ती लोंबी ओळखायला जपानी कशाला यायला हवं! पाच येनला ते लोक 'गो-एन' म्हणतात. आणि त्याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे, त्याचा अर्थ आपल्या 'ऋणानुबंध' या शब्दाच्या अगदी जवळ जातो. म्हणून जपानी माणसं देवापुढं पाच येनचं नाणं टाकतात. पाहुण्यांनी ते नाणं मुलीला दिलं. तिनं माझ्याकडे बघितलं, घेऊ का? मी मान हलवली.

परतताना एसटीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. दोन्ही पैसे मांडीवर. मी मोडीतून घेतलेल्या भोकाच्या पैशांपैकी एक तिला दिला. तिनं तो पाच येनवर ठेवून बघितला. दोन्ही जवळपास सारखेच. भोक मात्र आपल्या पैशाचं मोठं. "बाई," ती म्हणाली, "चिंचेनं गेलेला रंग परत येते का जी?"

मी म्हटलं, "येतो. पण वर्षं लागतात."

"किती?"

"तू माझ्याएवढी होशील तोवर, बहुतेक."

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. अड्याळ गेलं तेव्हा म्हणाली, "मंग मी रोज बोटानं चोरत जाईन."

जमवलेली नाणी हातानं चोळू नयेत, असं पुस्तकं सांगतात, हे मला आता ठाऊक आहे. पण मी काही बोलले नाही.

मी मुलांना शिकवलं होतं, की प्रत्येक नाण्यासाठी कागदाची छोटी पुडी करायची आणि नाणं कुठलं, केव्हाचं, कुणाकडून आलं, ते तिच्यावर लिहायचं. मार्चमध्ये तिनं आपली वही आणि पुड्या तपासायला दिल्या. एका पुडीवर लिहिलं होतं: 'पाच येन. रुयाडच्या पाहुण्यांनी दिला.' दुसरीवर: 'भोकाचा पैसा. मोडीतून वाचला.' तिसरीवर गोल, सुबक अक्षरांत होतं:

'एक सेन. मेइजी १०, म्हणजे १८७७. पणजोबांनी जपानहून आणला. बाईंनी धुतला.'

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.